कापसाचा पेरा आणि वेचणीचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भात कापसाचा पेरा घटत असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात गेले काही हंगाम सातत्याने येत आहेत आणि बहुतेक बातम्यांत कारण म्हणून एकच ओळ असते : भाव पडल्यामुळे शेतकऱ्यांनी कापसाकडे पाठ फिरवली. ही ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. हिंगणा तालुक्यात कोरडवाहू जमिनीवर कापूस घेणारा शेतकरी म्हणून मला जे दिसते ते असे, की भावामुळे पेरा एका वर्षी दोन एकरांनी घटतो आणि पुढच्या वर्षी तेवढाच वाढतो. परंतु जो शेतकरी कापूस कायमचा सोडतो, तो बहुधा दोन प्रश्नांपुढे हात टेकून सोडतो. कापूस वेचणार कोण, आणि वावर मोकळे होणार कधी? या दोन्ही प्रश्नांची चर्चा शहरात फारशी होत नाही, म्हणून हे पत्र.

प्रथम घट किती आहे ते पाहू. 2020–21 मध्ये देशात 130 लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कापूस होता. 2024–25 मध्ये ते क्षेत्र 115 लाख हेक्टरांच्या खाली आले. उत्पादन 2013–14 मध्ये 398 लाख गाठींपर्यंत पोहोचले होते, ते 2024–25 मध्ये 300 लाखांच्या आत आले. (एक गाठ म्हणजे 170 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस.) कापसाखालील क्षेत्रात महाराष्ट्र देशात पहिला आहे, मात्र हे क्षेत्र जवळजवळ सगळे पावसावर अवलंबून असल्याने उताऱ्यात (एकरी उत्पादनात) आपण मागे आहोत. नागपूर जिल्ह्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथे मधल्या काळात सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक रोग, खोडमाशी आणि काढणीच्या वेळी गाठणारा परतीचा पाऊस यांना कंटाळून शेतकरी सोयाबीनकडून कापसाकडे आले होते. तेच शेतकरी आता परत सोयाबीन, तूर किंवा मका पेरत असतील, तर त्या पिकांत त्यांना सोने दिसले असे कोणी समजू नये. 2023 मध्ये पिवळ्या मोझॅकने सोयाबीनची शेते कशी जाळली हे त्यांनी पाहिले आहे आणि 2024 मध्ये 4,892 रुपये हमीभाव असताना बाजारात सोयाबीन त्याच्या बरेच खाली विकले गेले, हेही त्यांना ठाऊक आहे. तरीही ते वळतात. हा नफ्याचा मोह नसून बुडाले तर कमी बुडावे, एवढाच त्यामागचा हिशेब असतो.

भावाचा मुद्दा मी आधी संपवतो. 2022 च्या पूर्वार्धात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि त्या खरिपात पेरा वाढला. पुढच्या हंगामात आठ हजारांच्या आसपास भाव असताना अनेकांनी दहा हजारांच्या आशेने कापूस घरात भरून ठेवला. खोल्या भरल्या, ओसऱ्या भरल्या, साठवलेल्या कापसामुळे घरातल्या लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, आणि अखेर उन्हाळ्यात सात हजारांच्या आगेमागे तो विकावा लागला. अशा अनुभवानंतर एखादा हंगाम पेरा घटणे स्वाभाविकच आहे. पण 2022 नंतर हमीभाव दरवर्षी वाढत गेला. मध्यम धाग्यासाठी 2022–23 मध्ये 6,080 रुपये होता, तो 2025–26 साठी 7,710 रुपये झाला आणि लांब धाग्यासाठी 8,110 रुपये झाला. 2024–25 मध्ये भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने सुमारे 100 लाख गाठींची खरेदी केली, म्हणजे देशाच्या उत्पादनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एवढे होऊनही पेरा घटतच राहिला. त्यामुळे केवळ भावाच्या कारणावर विसंबून चालणार नाही.

आता वेचणीविषयी. गव्हासाठी हार्वेस्टर आहे, सोयाबीनसाठी हार्वेस्टर आणि मळणीयंत्र आहे, तुरीसाठी मळणीयंत्र आहे. कापूस मात्र आजही जवळजवळ पूर्णपणे हाताने वेचला जातो आणि तो एकाच वेळी फुटत नाही. दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दुसरा आणि तिसरा, असे जानेवारीपर्यंत चालते. आमच्याकडे अलीकडच्या हंगामांत वेचाई किलोला दहा रुपयांच्या खाली नाही, बाहेरगावाहून मजूर आणायचे तर ऑटोचे भाडे निराळे. किलोला दहा रुपये म्हणजे क्विंटलला हजार रुपये, म्हणजे हमीभावाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी रक्कम केवळ पीक शेतातून घरी आणण्यासाठी जाते. पहिल्या वेच्यात पऱ्हाटी (कापसाचे झाड) बोंडांनी लदलेली असते तेव्हा सराईत बाई दिवसाला तीस-चाळीस किलो वेचते. शेवटच्या वेच्यात बोंडे तुरळक आणि निम्मी कवडी (नीट न फुटलेली, किडकी), तेव्हा तिला पंधरा-वीस किलोसुद्धा भरत नाहीत आणि ती किलोवर यायला तयार होत नाही, रोजंदारी मागते. तिचे काय चुकले? त्यामुळे ज्या कापसाला सर्वांत कमी भाव मिळतो त्याच कापसाची वेचाई सर्वांत महाग पडते आणि अनेक शेतकरी शेवटचा वेचा झाडावरच सोडून जनावरे घालतात.

मजूर मिळत नाहीत याचे खापर सध्या ‘लाडकी बहीण’ योजनेवर फोडण्याची पद्धत पडली आहे. मला हे पटत नाही. ही योजना 2024 च्या जुलैमध्ये सुरू झाली. वेचणीच्या मजुरांची ओढाताण त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दिवसभर वाकून, वाळलेल्या पात्यांनी बोटे ओरबाडून घेऊन, उन्हात तीन-चारशे रुपये कमावण्यापेक्षा बुटीबोरीतील किंवा मिहानकडील (नागपूरजवळच्या औद्योगिक भागांतील) एखाद्या गोदामात सावलीत काम करणे, महिन्याला ठरलेली रक्कम घेणे, हे कोणत्याही शहाण्या माणसाने निवडावे असेच आहे. त्यातच आमच्या पहिल्या वेच्याच्या सुमारास मौदा-रामटेककडे धानाची कापणी, काटोल-नरखेडकडे संत्र्याची तोड आणि सगळीकडे रब्बीची पेरणी एकदम येते. सावनेर-काटोल भागात छिंदवाड्याकडून येणाऱ्या टोळ्यांवर वेचणी चालते. ज्या वर्षी टोळी उशिरा आली त्या वर्षी फुटलेला कापूस दव आणि अवकाळी पाऊस खात झाडावर लोंबतो, पिवळा पडतो आणि प्रत घसरल्यामुळे हमीभावाच्या बाहेर जातो.

वेचणीइतकीच निंदणाचीही अडचण आहे, फक्त ती लवकर येते. जुलै-ऑगस्टमध्ये झड (सततचा पाऊस) लागली की डवरा (कोळपणीचे औत) चालत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत आणि गवत पऱ्हाटीच्या वर जाते. तणनाशक सहन करणाऱ्या विनापरवाना बियाण्याची पाकिटे गावोगाव का विकली जातात, याचे उत्तर येथे आहे. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने असे बियाणे जाहीरपणे पेरून आंदोलन केले, त्यावर बराच वाद झाला आणि मूळ प्रश्न जागेवरच राहिला. हे बियाणे घेणाऱ्याला बिल मिळत नाही, त्यामुळे उगवण झाली नाही तर तक्रारीलाही जागा नसते. कायद्याचा धाक दाखवून ही विक्री थांबेल असे मला वाटत नाही, कारण एकरी निंदणाचा वाचणारा खर्च त्या धाकापेक्षा मोठा आहे. तरीही शेतकऱ्याने हा जुगार खेळावा असे मी म्हणणार नाही.

दुसरा प्रश्न वावर अडकून राहण्याचा. आपल्याकडील बहुतेक संकरित वाण 160 ते 180 दिवसांचे, काही त्याहून लांब. जूनमध्ये लावलेला कापूस जानेवारीपर्यंत जमीन सोडत नाही. पाण्याची सोय नव्हती तोवर यात तोटा नव्हता, कारण खरिपानंतर ते वावर तसेही पडीकच राहणार होते. उलट तेव्हा कापूस हेच शहाणपणाचे पीक होते : मूळ खोल, पावसाचा ताण सोसणारे, आणि सोयाबीन वाया जाईल अशा वर्षीही काही ना काही घरात आणणारे. पण विहीर झाली, पंपाला वीज मिळाली की गणित उलटते. शंभर दिवसांचे सोयाबीन काढून दिवाळीपूर्वी पैसे हाती घ्यावेत आणि त्याच वावरात हरभरा किंवा गहू पेरावा, हे शक्य झाल्यावर कापसाचे उत्पन्न एका पिकाशी नव्हे, दोन पिकांशी तोलावे लागते. ज्या शेतात पाणी पोहोचते तेथून कापूस उठतो, हे मी माझ्याच पंचक्रोशीत पाहतो आहे. शेवटी कापूस उरतो तो उतारावरच्या हलक्या, खडकाळ जमिनीत. तेथे ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की ओल तुटते आणि नेमकी तेव्हाच बोंडे भरायची असतात. लांब मुदतीचा वाण आणि उथळ माती ही जोडीच मुळात विजोड आहे. मग उतारा घटतो, आणि आकडेवारी सांगते की विदर्भाची उत्पादकता कमी आहे.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. जंगलाला लागून असलेल्या गावांत पेरा घटण्याचा वेग कमी आहे, पण तो कापसाच्या प्रेमामुळे नाही. रानडुक्कर ज्वारी, भुईमूग आणि मका ठेवत नाही, आणि रोह्यांचा (नीलगायींचा) कळप हरभऱ्यात शिरला की सकाळपर्यंत काही उरत नाही. त्या मानाने कापसाला उपद्रव कमी. तेथील शेतकरी कापूस पिकवतो म्हणजे त्याने तो निवडला असे नसून दुसरे काही शिल्लक राहत नाही म्हणून तो कापसावर थांबला आहे. वन्यप्राण्यांचा बंदोबस्त झाला तर या गावांतही कापूस घटेल.

गुलाबी बोंडअळीविषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. 2002 मध्ये बीटी कापसाला (जनुक बदलून बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या वाणांना) परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले, पहिली काही वर्षे फवारण्या खरोखरच कमी झाल्या. पण अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून कडेला बिगर-बीटी आश्रय ओळी लावायच्या होत्या त्या कोणी लावल्या नाहीत, पाणी असलेल्यांनी मार्च-एप्रिलपर्यंत फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन काढलेला कापूस) घेतली आणि अळीला वर्षभर खाद्य मिळत गेले. 2017 मध्ये विदर्भात ज्यांचा कापूस अळीने पोखरला त्यांना तो हंगाम आठवत असेल. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आता कृषी विभाग सांगतो की डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा आणि फरदड घेऊ नका. सल्ला योग्य आहे. परंतु बाजारात विकला जाणारा वाण जानेवारीपर्यंत फुटणारा आणि सल्ला डिसेंबरमध्ये उपटण्याचा, यात मधल्या वेच्याचा तोटा कोणाच्या खात्यावर पडतो, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. बीटी बियाण्याच्या पाकिटाची किंमत सरकार ठरवते (2025–26 साठी 901 रुपये). पण त्या पाकिटात कमी मुदतीचे वाण किती असावेत, याबाबत असा काही आग्रह दिसत नाही.

हमीभाव दीडपट आहे, असे सांगितले जाते. तो कशाच्या दीडपट आहे हे वाचकांनी समजून घ्यावे. कृषी खर्च व मूल्य आयोगाने 2025–26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा उत्पादन खर्च क्विंटलला 5,140 रुपये धरला आणि त्याच्या दीडपट 7,710 रुपये भाव ठरला. या खर्चात प्रत्यक्ष निविष्ठा आणि कुटुंबाची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरील व्याज येत नाही. शिवाय ही देशभराची सरासरी आहे. जेथे पाणी देऊन एकरी दहा-बारा क्विंटल निघतात तेथील खर्च आणि आमच्या हलक्या जमिनीत जेथे पाच क्विंटल म्हणजे बरे पीक, तेथील खर्च एकाच सरासरीत मिसळतो. मशागत, बियाणे, निंदण आणि फवारणी एकराच्या हिशेबाने होतात, क्विंटलच्या नाही. आमच्याकडे वेचाई सोडून एकरी वीस हजारांच्या खाली हे भागत नाही. त्यात पाच क्विंटलच्या वेचाईचे पाच हजार मिळवले तर क्विंटलला पाच हजार रुपये रोख खर्च झालेला असतो आणि घरच्या माणसांची सहा महिन्यांची मेहनत अजून धरलेली नसते. मक्त्याने (भाड्याने) जमीन करणाऱ्याला मक्ता दिल्यावर उरते काय, हे त्यानेच सांगावे.

हा भाव मिळतो तरी कोणाला? महामंडळ आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात करते आणि बारा टक्क्यांच्या वर माल घेत नाही. दिवाळीच्या सुमाराचा पहिला वेचा, जो सर्वांत पांढरा आणि सर्वांत भरघोस असतो, तो थंडीतल्या दवामुळे या मर्यादेत क्वचितच बसतो. दुकानदाराची उधारी आणि मजुरांची वेचाई मात्र तेव्हाच द्यायची असते. म्हणून तो कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच, व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. 2025–26 पासून महामंडळाला विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते आणि त्यासाठी जमिनीची कागदपत्रे लागतात; तोंडी मक्त्याने जमीन करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे कापूस त्याचा असूनही हमीभाव त्याचा नसतो. आमच्या भागात पेरा सोडणाऱ्यांत असे मक्तेदार प्रथम आहेत, आणि कोणत्याही बातमीत त्यांचा उल्लेख मी वाचलेला नाही.

आयातीचेही एक वाक्य लिहिणे भाग आहे. कापसावर 2021 पासून 11 टक्के आयात शुल्क होते. 19 ऑगस्ट 2025 पासून ते माफ करण्यात आले आणि पुढे ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली, म्हणजे आमच्या पहिल्या दोन वेच्यांचा काळ नेमका त्यात आला. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावल्याने कापड उद्योग अडचणीत होता, हे मान्य. त्यांना स्वस्त रुई हवी यात गैर काही नाही. पण उद्योगाला दिलेला दिलासा सरकारच्या तिजोरीतून द्यायचा की कोरडवाहू शेतकऱ्याच्या भावातून, हा निर्णय धोरणाचा होता आणि तो शेतकऱ्याच्या भावातून देण्याचा घेतला गेला. नागपूरकरांना याचे विशेष वाटायला हवे. कापूस जवळ पिकतो म्हणून जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल येथे काढली आणि ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. आज त्या जागी मॉल आहे, कॉटन मार्केट हे मेट्रो स्थानकाचे नाव आहे, आणि आमची रुई गाठी बांधून सूत काढण्यासाठी दूरच्या राज्यांत जाते.

उपाय म्हणून 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांचे कापूस उत्पादकता मिशन जाहीर झाले. नागपुरातच केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे आणि तिने अतिघन लागवडीचा जो प्रयोग हाती घेतला आहे, म्हणजे आटोपशीर वाढीचे, कमी मुदतीचे वाण दाट लावून बोंडे थोड्याच दिवसांत एकदम फुटवायची, तो मला या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा वाटतो. कारण त्यात वेचे कमी होतात, बोंडअळीचा शेवटचा काळ टळतो आणि वावर लवकर मोकळे होते. मात्र यासाठी बियाणे दुपटी-तिपटीहून अधिक लागते, झाडाची वाढ रोखणारी औषधे वेळेवर फवारावी लागतात, आणि हलक्या जमिनीत पहिल्याच वर्षी फसगत झाली तर शेतकरी पुन्हा तिकडे फिरकत नाही. म्हणून मिशनचा पैसा प्रात्यक्षिकांच्या फलकांवर न घालता अशा बियाण्याच्या किमतीत आणि पहिल्या हंगामाच्या जोखमीत घालावा.

वेचणी यंत्राबाबतही हेच. परदेशातील मोठी यंत्रे आमच्या दोन-तीन एकरांच्या, धुऱ्यांनी तुटलेल्या वावरांत फिरत नाहीत; हातात धरायची बॅटरीवरची यंत्रे कापसासोबत पालापाचोळा ओढतात आणि जिनिंगवाला तेवढाच भाव कापतो. ट्रॅक्टरवर चालणारे लहान यंत्र आणि असा यंत्राने वेचलेला कापूस साफ करण्याची सोय असलेल्या जिनिंग, या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात एकाच वेळी उभ्या राहिल्या तरच त्याचा उपयोग आहे. हिंगणा, काटोल, सावनेर यांपैकी कोणत्याही एका तालुक्यात, शेतकऱ्याच्याच वावरात, सलग तीन हंगाम हे करून पाहावे आणि दर हंगामाअखेर एकरी खर्च व उतारा जाहीर करावा. तोपर्यंत निदान दोन गोष्टी तातडीने करता येतील : खरेदी केंद्रे दिवाळीपूर्वी सुरू करून त्यांच्या आवारात कापूस वाळवण्यासाठी फरशी आणि ताडपत्र्यांची सोय करणे, आणि मक्त्याने जमीन करणाऱ्यांच्या नावाने पीकपेऱ्याची नोंद घेऊन त्यांना हमीभावाने विक्रीचा हक्क देणे. दुसऱ्या गोष्टीला जमीनमालकांचा विरोध होईल, कारण कुळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसण्याची, भीती अजून गेलेली नाही. ही नोंद केवळ त्या हंगामाच्या विक्रीपुरती राहील असे महसूल विभागाने लेखी स्पष्ट केले, तर तो विरोध बराच मावळेल.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
ता. हिंगणा, जि. नागपूर